मागच्या मडगार्डातली माया

मी दातांची डॉक्टर. बारामतीत माझा दवाखाना आहे. पाटीवर ‘डेंटल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे, त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळी कुणीतरी चेपलेला बंपर घेऊन दारात उभं राहतं आणि विचारतं, “डेंटिंग हितंच व्हतं न्हवं?” पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही, कारण मध्यंतरी चार महिने असे गेले की माझाच अर्धा जीव गॅरेजमध्ये अडकला होता.

गाडी मी हौसेनं घेतली होती. एके काळी मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून धावायच्या त्याच बनावटीची, पण मलईच्या रंगाची आणि जन्मभर एकाच माणसाच्या हाताखाली राहिलेली. तो माणूस माझा पेशंट. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची कवळी बसवली त्या दिवशी आरशात बघून ते इतके खूश झाले, की “आता माझं सगळं नवं झालं, जुनं ते तुम्ही घेऊन जा,” असं म्हणाले. मी ते मनावर घेतलं.

वर्षभर मी शहाण्यासारखी वागले. मग एका दुपारी, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, मोबाइलवर कुठल्याशा जुन्या गाडीचा फोटो पाहिला. तिची मागची चाकं चांगली हातभर रुंद वाटत होती. पैलवानानं शड्डू ठोकून उभं राहावं तशी ती उभी होती. माझी गाडी त्यापुढे उपासतापास करणाऱ्या मास्तरासारखी दिसायला लागली. आठवड्याच्या आत मी रुंद रिम आणि रुंद टायर बसवून आणले. नवऱ्याला सांगितलं, “रस्त्यावर पकड चांगली येते.”

आमचं घर अंथुर्ण्याला, नवरा तिथं शेती बघतो. डाळिंब, पेरू आणि थोडी ढोबळी मिरची. तो चाकांभोवती एक फेरी मारून म्हणाला, “पकड कशाला? पळून चाललीय का गाडी?” एवढं बोलून तो बागेत गेला. पण मी ती चाकं दिवसातून तीनदा बघायची. खरं कारण तेवढंच होतं, मला ती आवडली होती.

भांडण सुरू झालं ते बावड्याला नात्यातल्या एका बारशाला जाताना. माझ्या सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, दोघी एकाच गावात, एकाच भावकीत दिलेल्या. पन्नास वर्षं त्या एकमेकींशिवाय कुठं जात नाहीत आणि गेल्या की भांडल्याशिवाय परत येत नाहीत. नवऱ्याला त्या दिवशी माल पाठवायचा होता, म्हणून मीच गाडी काढली. पुढच्या सीटवर बाळाचा पाळणा सुटा करून ठेवला होता. त्यामुळे दोघी मागं बसल्या. सासूबाई माझ्या मागं, मावशी डावीकडं.

गावाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर डाव्या चाकातून आवाज आला, खर्रर्र! मागून रबर जळाल्याचा वास.

“काय झालं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही आई, टायर जरासा घासला.”

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सासूबाई बहिणीकडे न बघता म्हणाल्या, “तुझ्याच बाजूला वाजतंय.”

“गाडी हाय, वाजंल की,” मावशी म्हणाल्या.

“माझ्या बाजूला न्हाय वाजत.”

अंथुर्ण्यापासून इंदापूरपर्यंत किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक वेळी गाडी खर्रर्र करायची आणि सासूबाई नुसतं “हं” म्हणायच्या. त्या ‘हं’नं काम बिघडवलं. इंदापूरला चहाला थांबलो तेव्हा मी सुचवलं, “जागा बदलून बसता का?”

“मी का उठू?” मावशी कडाडल्या. “म्हंजी उठले की कबूल केल्यागत व्हईल!”

बावड्यात बारसं छान झालं. परत निघताना मात्र मावशी गाडीपाशी आल्याच नाहीत. निरोप आला, की त्या एसटीनं गेल्या. एसटीला कुणाचं ओझं होत नाही म्हणे.

त्यानंतर दोन्ही बहिणींचं बोलणं बंद. समोरासमोरची घरं, मधे फक्त गोठा. सासूबाई दर संध्याकाळी मला दवाखान्यात फोन करून विचारायच्या, “त्या चाकाचं काय केलंस?” जणू चाक दुरुस्त झालं की बहीणही दुरुस्त होणार होती.

बारामतीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी मला एकच सल्ला दिला, “मॅडम, जुनी चाकं बसवा न् मोकळं व्हा.” मला मोकळं व्हायचं नव्हतं. शेवटी माझ्याकडे दाढ काढायला आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं कापसाचा बोळा दाताखाली धरूनच भवानीनगरच्या एका मिस्त्रीचं नाव घेतलं. उसाच्या ट्रकांचे चेपलेले पत्रे तो असे सरळ करतो, की कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखे वाटतात.

मी रविवारी गेले. ऊस गाळायचा हंगाम संपलेला, त्यामुळे शेडमध्ये एकच ट्रॅक्टर होता. मिस्त्री पन्नाशीचा, अंगानं दणकट. डोक्यावरून घेतलेला टॉवेल त्यानं हनुवटीखाली बांधला होता आणि डावा गाल टॉवेलातूनही फुगलेला दिसत होता. तो माझ्या मडगार्डाकडे बघत होता, मी त्याच्या गालाकडे.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“कशाला?”

“सुजेला.”

“ते वारं लागलंय. तुमची गाडी किती दिवस घासतीय?”

“महिना झाला. तुम्ही दाखवलंत का कुणाला?”

“ताई, तुमी कोन?”

मी सांगितलं. तो दोन पावलं मागं सरकला. त्यानंतर त्या दिवशी तो माझ्याशी बोलला तो फक्त उजव्या गालानं.

पण कामात माणूस हुशार. त्यानं मडगार्डाच्या कमानीखाली हात घालून मला काठ दाखवला. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा करंजीच्या कडेसारखे एकमेकांवर दाबून बसवलेले होते. त्या कडेचाच टायरला दात लागत होता. “आधी ही कड आत मुडपून बघू,” तो म्हणाला. “तेवढ्यात भागलं तर कापाकापी कशाला?” मला हे फार पटलं. मीही दात वाचत असेल तर काढत नाही. तसं मी बोलून दाखवलं, तर त्यानं लगेच टॉवेलाची गाठ घट्ट केली.

मग त्यानं पेन्सिल कानामागून काढली. “मागं वजन किती असतं?”

“दोन माणसं.”

“किलोत सांगा. तेवढी वाळूची पोती टाकतो, म्हंजी गाडी किती दबती ते कळंल.”

सासूबाईंचं वजन हा आमच्या घरात न विचारायचा प्रश्न. मावशींचं तर आता त्याहून. मी घरी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “मला या भानगडीत घेऊ नकोस,” आणि फोन ठेवला. शेवटी मी सुनेला शोभेल असा एक आकडा सांगितला. मिस्त्रीनं भंगाराच्या काट्यावर पोती मोजून मागच्या सीटवर बसवली. दोन पोती शेजारी शेजारी, अगदी सोज्वळ. मग टायर आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी नळी अडकवून त्यानं गाडी इंचाइंचानं ढकलायला लावली आणि नळी दाबत दाबत ती कड आत वळवली. तासाभरात दोन्ही बाजू झाल्या. पोत्यांना घेऊन आम्ही शेडसमोरच्या गतिरोधकावरून गेलो. आवाज नाही!

पुढच्या रविवारी सासूबाईंना घेऊन इंदापूरच्या बाजारात गेले. सवयीनं त्या डाव्या दारानं चढल्या आणि डावीकडेच बसल्या. शेजारी बाजाराच्या पिशव्या. दुसऱ्या गतिरोधकावर आवाज आला, खर्रर्र!

मी आरशात पाहिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, “हे तिला सांगू नगंस.”

मी पुन्हा भवानीनगरला गेले तेव्हा मिस्त्रीनं टायरवरचा ओरखडा बोटानं चाचपला आणि माझ्याकडे रोखून बघितलं. “ताई, वजन खोटं सांगितलंत.”

“अंदाजानं सांगितलं.”

“तुमी पेशंटच्या दाताचा फोटो काढता का अंदाजानं सांगता? ज्यांना बसायचंय त्यांना घिऊन या. पोती परत न्हाय बसवणार मी.”

मावशींना आणणं हे सोपं काम नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हणाले, “मावशी, मिस्त्री म्हणतो दोष कुणाचा ते त्याला एका तासात सांगता येईल. पण दोघींना बसून दाखवावं लागेल.”

“त्याला कळतं का?”

“उसाचे ट्रक बघतो तो.”

“मी ऊस हाय व्हय?” असं म्हणाल्या खऱ्या, पण रविवारी ठेवणीतलं पातळ नेसून, नथ घालून फाटकात उभ्या होत्या. कोर्टात तारीख असल्यासारख्या. सासूबाई आधीच गाडीत बसल्या होत्या. भवानीनगरपर्यंत दोघींत एक अक्षर नाही. गाडी मात्र तोंड बंद ठेवत नव्हती.

मिस्त्रीनं दोघींना मागं बसवलं आणि स्वतः खडू घेऊन गाडीखाली शिरला. बाहेर ट्रॅक्टरवाले दोघं-तिघं जमा झाले. नवऱ्यानं आयत्या वेळी टांग दिली होती, म्हणून धीर द्यायला मी एकटीच.

“मोठ्या आई, जरा उजवीकडं. मावशी, तुमी दाराला टेका. हलू नका.”

“किती येळ?” मावशींनी विचारलं.

“तुमी फोटूत बसल्यागत बसा.”

पाच मिनिटं गेली. सासूबाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या. आधी एकट्याच खात होत्या. मग बघणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना दिल्या. शेवटी हात लांब न करता पिशवी सीटच्या मधोमध ठेवली. मावशींनी ती बघितली नाही असं दाखवलं आणि मूठभर शेंगा उचलल्या.

गाडीखालून आवाज आला, “आता जागा बदला.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आता ही तपासणीच आहे मावशी, कबुली नाही.” दोघी उतरल्या, एकमेकींना वळसा घालून पुन्हा चढल्या. मिस्त्रीनं गाडी आमच्याकडून दाबून घेतली, हलवून घेतली, पुन्हा खडू फिरवला. मग पालथ्या हातानं घाम पुसत बाहेर आला.

“काय झालं?” दोघींनी एकदम विचारलं.

“कुणीबी बसा, डावंच घासतंय. डाव्या बाजूचा पाटा तुटलाय. हे बगा.” त्यानं बॅटरीच्या उजेडात दाखवलं. चाकावर गाडीला उचलून धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांमधली एक पट्टी मधोमध तडकली होती. “दोष पाट्याचा हाय. माणसाचा न्हाय.”

मावशी दार उघडून बाहेर आल्या. ट्रॅक्टरवाल्यांच्या समोर त्यांनी मोठ्यानं विचारलं, “पुन्यांदा सांगा. कुणाचा न्हाय?”

“तुमचा न्हाय, मावशी.”

“ऐकलंस आक्का?”

“ऐकलं,” सासूबाई म्हणाल्या. “शेंगा संपल्या.” या घरात इतकी वर्षं काढल्यावर मला एवढं कळत होतं, की यालाच माफी म्हणायचं.

वाटलं, पाटा बदलला की सुटलो. पण मिस्त्रीनं मान हलवली. पाटा नवा घातला तरी टायर कमानीच्या बाहेर दोन बोटं येतो. आज नाही घासला तर उद्या चार माणसं बसली की घासेल. कमान रुंद करायलाच पाहिजे. म्हणजे करंजीची कड उघडायची, बाहेरचा पत्रा कमानीच्या वरून गोल कापायचा, आतल्या पत्र्याला चिरा देऊन तो बाहेर ओढायचा आणि मधे नवी पट्टी जोडायची.

मावशी मन लावून ऐकत होत्या. आयुष्यभर त्यांनी घरातल्या पोरीबाळींचे ब्लाउज शिवले आहेत. “म्हंजी शिवण उसवून सैल करायचं,” त्या म्हणाल्या. “पण आत माया ठिवली न्हाय व्हय शिवणाऱ्यानं?”

माया म्हणजे शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड, पुढे अंग भरलं तर सोडायला.

“गाडी बनवणारे माया ठेवत न्हाईत मावशी,” मिस्त्री म्हणाला.

“मग तू ठेव बाबा,” मावशी म्हणाल्या. “चांगली दोन बोटं ठेव. माणूस काय वाळत न्हाय दिसामासानं.”

कापायच्या दिवशी मी मुद्दाम दवाखाना बंद ठेवून गेले. मिस्त्रीनं पुठ्ठ्याचा साचा कापून पत्र्यावर धरला, खडूनं कमान आखली आणि ग्राइंडर लावला. तो आवाज मला नवा नव्हता. रोज त्याचा लहान भाऊ माझ्या हातात असतो. पण इथं मलई रंगाच्या पत्र्यावरून ठिणग्या उडत होत्या. चाळीस वर्षं कुणी ओरखडा काढला नव्हता, तो पत्रा माझ्या हौसेपायी कापला जात होता. मी पाठ फिरवून उभी राहिले.

ग्राइंडर थांबला. “ताई, तुमी तर जित्या माणसाच्या तोंडात मशिन घालता.”

“त्यांना भूल देते.”

“गाडीला देऊ का?” तो हसला, आणि हसता हसताच गाल धरून खाली बसला.

डावी बाजू त्यानं कशीबशी कापली. मग म्हणाला, ग्राइंडर सुरू झाला की डोक्यात घण पडल्यासारखं होतं, उद्या करू. दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप. तिसऱ्या दिवशीही. फोन केला तर मागून बाई बोलली, “ते लग्नाला गेल्यात.” लग्नसराई नव्हती. माझी गाडी शेडमध्ये डाव्या अंगानं उघडी पडली होती, आणि मिस्त्री आतल्या खोलीत उशी गालाखाली घेऊन पडला होता, हे मला शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं. दारूत भिजवलेली तंबाखू, लवंग, हिंग, कुणीतरी दिलेला धुरी घ्यायचा पाला, सगळं करून झालं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, “दाढ उपटली की नजर जाती.”

मी निरोप पाठवले, गोळ्यांची चिठ्ठी पाठवली. त्यानं चिठ्ठी खिशात ठेवली. मी हताश होऊन ही हकीगत सासूबाईंना सांगितली. त्या बहिणीला म्हणाल्या असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्या दवाखान्याचं दार उघडलं आणि मावशी आत आल्या. त्यांच्या मुठीत मिस्त्रीचं मनगट होतं. अंथुर्ण्याहून भवानीनगरला उतरून, त्याला पांघरुणातून काढून, पुढच्या जीपमध्ये घालून त्या त्याला बारामतीला घेऊन आल्या होत्या.

“ह्यानं माझी अब्रू राखली,” त्यांनी वेटिंगमधल्या सगळ्यांना सांगितलं. “ह्याला आधी घ्या.”

कुणीही हरकत घेतली नाही.

मिस्त्री खुर्चीवर बसला तो एक पाय जमिनीवर ठेवून, पळायची सोय म्हणून. तोंड उघडायला तयार नाही. खालची डावी दाढ आतून पोखरली होती, बाजूला पू धरलेला. मी रूट कॅनॉल हा शब्द उच्चारला आणि त्यानं डोळे मिटले. मग मी दुसऱ्या वाटेनं गेले.

“मिस्त्री, आत गंज चढलाय. आधी गोळ्या घेऊन सूज उतरवू. मग गंज खरवडून काढायचा, आत लांबी भरायची आणि वरून नवा पत्रा चढवायचा.” लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा लेप. त्याच्या शेडमध्ये डबेच्या डबे होते.

त्यानं एक डोळा उघडला. “जुना पत्रा कापायचा न्हाय ना?”

“शक्यतो नाही. वाचतोय तोपर्यंत वाचवायचा.”

“किती हात मारावे लागतील?”

“तीनदा यावं लागेल.”

“लांबी वाळायला तेवढा टाइम लागतोच,” तो विचार करून म्हणाला, आणि दुसरा पाय वर घेतला.

सूज उतरल्यावर आठवड्यानं तो आला तेव्हाही मावशी सोबत होत्या. स्टुलावर बसून त्याचा हात धरला होता. भुलीची सुई टोचताना मिस्त्री गप्प राहिला, ओरडल्या त्या मावशी. नंतर ओठ बधिर झाल्यावर मिस्त्री आरशात बघून म्हणाला, “गाल हाय का गेला?” तिसऱ्या खेपेला मी दाढेवर टोपी बसवली. त्यानं दातावर दात घासून पाहिले, मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, “ताई, एका जागी किंचित घासतंय.”

मी ते घासून काढलं. बरोबर होतं त्याचं. चावा तपासायच्या माझ्या कागदावर उमटलं नव्हतं ते त्याला कळलं.

त्यानंतर आठ दिवसांत त्यानं जे काम केलं, ते बघायला मी दवाखाना सुटल्यावर रोज जायची. डावी कमान जोडून झाली, उजवी कापून झाली. दोन्ही बाजू सारख्या आल्या का, हे तो मापानं बघायचा नाही. डोळे मिटून दोन्ही तळवे पत्र्यावरून फिरवायचा आणि जिथं हात थांबेल तिथं हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा. एकदा मला म्हणाला, “तुमी बघा.” मी हात फिरवला. मला काहीच कळलं नाही. मी बोटांवर पोट भरणारी बाई, पण त्या दिवशी माझी बोटं मला जाडी वाटली.

रंग त्यानं तीनदा मिसळला. शेडमध्ये अगदी एकसारखा दिसायचा. उन्हात मागचा भाग किंचित पिवळा वाटतो, साय धरल्यासारखा.

गाडी घरी आणली. कमानी दोन्ही बाजूंना गोल, भरीव, टायर त्यांच्या आत ऐटीत. मी किल्ली हातात घेऊन नवऱ्याची वाट बघत उभी राहिले. तो आला. पुढून बघितलं, मागून बघितलं.

“गालगुंड झाल्यागत दिसतीय,” तो म्हणाला.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून गाडी धुतली. धुताना मागच्या कमानीवरून दोनदा हात फिरवताना मी त्याला खिडकीतून पाहिलं.

पुढच्याच महिन्यात बावड्याला त्याच घरी जेवणाचं आमंत्रण आलं. दोघी बहिणी हक्कानं मागं बसल्या. पहिला गतिरोधक आला तेव्हा तिघींनीही श्वास रोखला होता. गाडी वर गेली, खाली आली. काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. इंदापूर गेलं तरी काही नाही. एवढी शांतता त्यांना सवयीची नव्हती. थोड्याच वेळात त्यांच्या एका जावेच्या मुलीला कुणी किती साड्या दिल्या, यावरून दोघी कडाकडा भांडायला लागल्या आणि मला हायसं वाटलं.

येताना, अंथुर्ण्याच्या अलीकडे, ऊन कलतीला लागलेलं असताना मागून फसफस आवाज आला. डाव्या मागच्या चाकातली हवा गेली. खिळा होता, हातभर रुंद टायरात बरोबर मधोमध.

मी डिकी उघडली आणि स्टेपनी बाहेर काढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हौसेच्या भरात मी चार चाकं बदलली होती. पाचवं विसरले होते. स्टेपनी जुनीच होती, उपाशी मास्तराच्या मापाची.

दोघी खाली उतरल्या. मी पातळ खोचून जॅक लावला. रस्त्यानं जाणारा एक जण दुचाकी थांबवून म्हणाला, “ताई, मी करू का?” त्याला मावशींनीच हाकललं, “ती डॉक्टर हाय. तिला येतं.” मला ते येतं का नाही याची मलाही खात्री नव्हती, पण आता माघार घेता येत नव्हती. नट एकेक करून सुटले. मावशी पदराची झोळी करून उभ्या होत्या, त्यात मी ते टाकत गेले. सासूबाई जॅककडे बघत “पडंल गं, पडंल गं” म्हणत होत्या.

चाक बसलं. रुंद कमानीच्या आत ते बारकं टायर इतकं लहान दिसत होतं, की आजोबांचा कोट नातवाच्या अंगावर घातल्यासारखं वाटावं. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये माझा हात मनगटापर्यंत सहज जात होता.

मावशी वाकून बघत राहिल्या. “बाई बाई, केवढी जागा सोडलीय त्यानं!” त्या कौतुकानं म्हणाल्या. “सांगितलं तेवढी माया ठिवली हो.”

“दोन बोटं म्हणाली होतीस,” सासूबाई म्हणाल्या. “ही चार हायेत.”

“माझ्या हाताची दोन, तुझ्या हाताची चार.”

यावर पुन्हा सुरू झालं. मी ओल्या फडक्यानं हात पुसले, पण हातांचं काळं काही निघालं नाही. दोघींना आत बसवलं. गाडी डावीकडे थोडी कललेली होती, म्हणून मी तिसऱ्याच्या वर गिअर टाकला नाही. मागून सायकलवाला पुढे गेला, त्यानं वळून बघितलं. उसाच्या कडेनं पाणी सोडलेलं होतं, हवेत थोडा गारवा आला होता. सासूबाई म्हणाल्या, “सावकाश चालव, घाई कुणाला हाय?” मी म्हटलं, “सावकाशच चालवतेय आई.” घरी पोचलो तेव्हा अंगणातल्या दिव्याखाली नवरा उभा होता. त्यानं गाडीची डावी बाजू बघितली, उजवी बघितली, तोंड उघडलं, मावशींकडे पाहिलं आणि पिशव्या उतरवून घ्यायला पुढे आला.